देवघरातली पुंगळी, मेव्हण्याशी पैज आणि काडतुसाची ताकद

पेठेतून_खडकीत | शनिवार, रात्री ९:२०

मंडळी, खडकीचं आमचं जुनं घर रिकामं करतोय. आजोबा तिथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, तिथूनच निवृत्त झाले. आजीच्या देवघरात पितळेची एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, कायम उभी असायची, उदबत्तीचं घर म्हणून. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांकडे उदबत्तीचं घर असंच असतं. खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बुडाला काहीतरी अक्षरं आहेत, पण वर्षानुवर्षं चिंचेनं घासून पार गुळगुळीत झालीत. 'के', मग बाणाच्या टोकासारखं काहीतरी, मग 'एफ'. पुढचं वाचता येत नाही.

आज सामान बांधायला मेव्हणे आले होते. माझी मुलगी बालेवाडीला एअर रायफल शिकते. तिच्यासमोर पुंगळी नाचवत म्हणाले, "हा खरा माल. तुझा छर्रा म्हणजे साबुदाणा." मग गाडी सुटली. पूर्वीच्या गोळ्या मोठ्या, म्हणून ताकदवान. आता सैन्याच्या हातात बारक्या गोळ्या दिल्या, तुपापासून तोफेपर्यंत सगळंच पातळ झालं, वगैरे. मी म्हटलं, इतकं सरळ नसतं. का नसतं ते मात्र मला सांगता येईना. शेवटी पैज लागली. हरणाऱ्यानं दोन्ही घरच्या मिळून आठ जणांना मिसळ खिलवायची.

तर प्रश्न दोन. ही पुंगळी कुठल्या काडतुसाची? आणि काडतुसाची ताकद मोजतात तरी कशी?

तिरकस_आळी | शनिवार, रात्री ९:३१

मेव्हण्याशी पैज जिंकली तरी नुकसान तुमचंच असतं. बिल भरून मोकळे व्हा.

वाचनमात्र | शनिवार, रात्री १०:०५

खुर्ची टाकून बसलो आहे. येऊ द्या.

खडकीवाला | रविवार, सकाळी ६:५०

मी तिथेच एकतीस वर्षं काढली, म्हणून आधी कामाचं बोलतो. पुंगळी उलटी करा. बुडाच्या मधोमध जी छोटी गोल कॅप बसवलेली असते, तिच्यावर खड्डा आहे का बघा. खड्डा असेल तर ती उडालेली आहे, खुशाल उदबत्ती लावा. खड्डा नसेल तर तोंड उघडं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. कॅपमधला मसाला जिवंत असू शकतो आणि उदबत्तीच्या निखाऱ्याशेजारी ती वस्तू नको. तसं असेल तर खिळा, हातोडी, गॅस काही न करता पोलीस चौकीत कळवा.

'के' आणि 'एफ' म्हणजे किर्की फॅक्टरी. साहेबाला खडकी म्हणता येत नव्हतं, त्यानं किर्की केलं, आणि ते पितळेवर ठोकून जगभर पाठवलं. १८६९ सालची फॅक्टरी. मधला बाण हा इंग्रज सरकारच्या मालाचा शिक्का. म्हणजे तुमची पुंगळी बहुतेक स्वातंत्र्यापूर्वीची.

आता ती बनते कशी ते सांगतो, कारण लोकांना वाटतं नळीचे तुकडे कापतात. तसं नाही. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असं पितळ. त्याच्या पत्र्यातून एक गोल चकती काढायची, तिची वाटी करायची. मग ती वाटी ठशातून ओढायची, की ती उंच आणि पातळ होते. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. असं चार-पाच वेळा. बूड जाड ठेवायचं, अंग पातळ. शेवटी मानेला परत जाळ दाखवायचा. नव्या पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते ती त्याचीच. कोणाला तो डाग वाटतो. तो नसेल तर मान काही वर्षांनी आपोआप तडकते.

पितळच का, तर बार झाला की ते फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात थोडं आकसतं म्हणून बाहेर ओढता येतं. लोखंड इतक्या समजूतदारपणे वागत नाही. नुसती गोळी मोठी की छोटी यावर भांडणाऱ्यांनी पुंगळीचे हे उपकार विसरू नयेत.

तोळामासा | रविवार, सकाळी ८:१५

खडकीवाला काका, दंडवत.

मी सराफीतला माणूस, बंदुकीतलं शून्य कळतं. पण गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात हे वाचलं आणि कान टवकारले. आपला तोळा म्हणजे इंग्रजांनी ठरवलेले बरोब्बर १८० ग्रेन. थ्री नॉट थ्रीची, म्हणजे जुन्या .३०३ इंची फौजी रायफलीची, गोळी १७४ ग्रेनची असते म्हणतात. म्हणजे तोळ्याला फक्त सहा ग्रेन कमी. एवढी घट तर काही जण मजुरीत लावतात.

पेठेतून_खडकीत | रविवार, सकाळी ८:४०

काका, खड्डा आहे. चांगला खोल आहे, बरोबर मधोमध. बायकोनं सुटकेचा श्वास सोडला.

तोळामासा, हे मेव्हण्यांना सांगतो. त्यांना तोळ्याची भाषा लगेच कळते.

न्यूटनचा_भाचा | रविवार, सकाळी १०:३०

'ताकद' हा शब्द आधी बाजूला ठेवू. गोळीपाशी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मं. दुसरा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वर्ग वेगाचा होतो, वजनाचा नाही. सगळी गंमत तिथे आहे.

आकडे घ्या, सगळे नळीच्या तोंडापाशी आणि अंदाजे. लेकीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७५ मीटर, ऊर्जा ८ ज्यूल. पॉइंट टू टूची, म्हणजे .२२ इंची रायफलीची, गोळी ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम, वेग ३३०, ऊर्जा १४० ज्यूल. नऊ एमएम पिस्तुलाची आठ ग्रॅमची गोळी ३६० नं सुटली तर ५०० च्या वर. थ्री नॉट थ्री ११.३ ग्रॅम, वेग ७४४, ऊर्जा ३१०० ज्यूल. आणि मेव्हण्यांची ती 'बारकी', ५.५६ मिलिमीटरची: गोळी फक्त ४ ग्रॅम, पण वेग ९४०, म्हणून ऊर्जा १७५० ज्यूलच्या पुढे. वजन थ्री नॉट थ्रीच्या जेमतेम एक तृतीयांश, ऊर्जा मात्र निम्म्याहून जास्त. शिवाय नऊ एमएमची गोळी तिच्या दुप्पट वजनाची असूनही ऊर्जेत तिच्या एक तृतीयांशही नाही. 'मोठी म्हणजे ताकदवान' हे इथेच मोडतं.

पण नुसती ऊर्जाही पुरत नाही. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरनं आला तर त्याची ऊर्जा १२० ज्यूल होते. पॉइंट टू टूच्या गोळीच्या जवळपास. चेंडूचा संवेग तर गोळीच्या सातपट. तरी फलंदाज बरगडी चोळत पुढचा चेंडू खेळतो, आणि गोळी मात्र आत शिरते. कारण गोळीची सगळी ऊर्जा साडेपाच मिलिमीटरच्या वर्तुळावर येते.

तिरकस_आळी | रविवार, सकाळी १०:४४

म्हणजे आमच्या सोसायटीच्या खिडक्या रोज संध्याकाळी पॉइंट टू टूला तोंड देतात. विम्याच्या फॉर्मवर तसंच लिहितो.

पॉपकॉर्न_पुणेकर | रविवार, सकाळी ११:२०

मग पडद्यावर गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडून काचेतून बाहेर पडतो ते काय?

न्यूटनचा_भाचा | रविवार, सकाळी ११:३५

ती दोरी असते, कमरेला बांधलेली. गोळीचा संवेग मारणाऱ्याच्या खांद्यालाही तेवढाच, उलट थोडा जास्तच बसतो, कारण दारूचा वायूही पुढे जातो. समोरचा उडायचा असेल तर झाडणाराही मागच्या काचेतून बाहेर गेला पाहिजे.

निवृत्त_नायक | रविवार, दुपारी १:१०

गणित छान आहे. आता पाठीवर घेऊन चालून दाखवा.

भरती झालो तेव्हा आम्हाला एसएलआर रायफल होती, ७.६२ मिलिमीटरची. पहिल्या दिवशी रेंजवर दस्ता खांद्याच्या खळगीत नीट बसवला नाही. संध्याकाळी बनियन काढलं तर खांद्यावर जांभळं वर्तुळ, पोळपाटाएवढं नाही पण वाटीएवढं नक्की. उस्ताद म्हणाला, "बेटा, रायफल को गले लगाओ, वो नाराज है." नंतर इन्सास आली, ५.५६ ची. धक्का इतका कमी की पहिल्यांदा शेजाऱ्याचीच उडाली असं वाटलं.

पण मुद्दा धक्क्याचा नाही, वजनाचा आहे. ७.६२ चं अख्खं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२. शंभर काडतुसं घेतली तर एकात २ किलो ४०० ग्रॅम, दुसऱ्यात निम्मं. पाणी, कांबळं, वायरलेसची बॅटरी यांच्यावर तो सव्वा किलो कसा चढतो ते डोंगर चढताना कळतं. तुमच्या मेव्हण्यांना विचारा, सिंहगडावर नुसती पाण्याची बाटली घेऊन कितीदा थांबले.

आणि एक. ५.५६ वर आमच्यातले सगळेच खूश होते असं मी म्हणणार नाही. लांबचा पल्ला आणि आडोशामागचा माणूस असेल तर ७.६२ ची आठवण यायची. सैन्यानं २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या त्या ७.६२ च्याच. आता अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनते, तीही ७.६२. म्हणजे मेव्हणे वेडे आहेत असं समजू नका.

न्यूटनचा_भाचा | रविवार, दुपारी १:४०

नायक साहेब, शंभर टक्के मान्य. फक्त वाचकांसाठी एक खुलासा, कारण यात भलेभले फसतात. सिगचं ७.६२ आणि एकेचं ७.६२ ही एकच काडतुसं नाहीत. पहिल्याची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ३९. पहिल्याची ऊर्जा ३३०० ज्यूलच्या आसपास, दुसऱ्याची २०००. एक दुसऱ्यात चालत नाही. नुसतं 'सेव्हन सिक्स टू' म्हणणं म्हणजे नुसतं 'जोशी' म्हणून पत्ता विचारण्यासारखं आहे.

निवृत्त_नायक | रविवार, दुपारी १:४८

हे बरोबर. आम्ही लांब आणि आखूड म्हणायचो.

डबेवाली_आई | रविवार, दुपारी ३:०५

धागाकर्ते, साबुदाणा या शब्दावर माझा आक्षेप नोंदवून ठेवा. माझा मुलगाही बालेवाडीला असतो. आधी एअर रायफल, आता पॉइंट टू टू. गेली सहा वर्षं मी स्टँडमागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसते, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

छर्रा डमरूसारखा असतो. कमरेत बारीक, मागे पातळ पोकळ घेर, पुढून अगदी सपाट. सपाट का? कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावं म्हणून. टोकदार असता तर कागद फाटला असता आणि गुणांवरून भांडणं झाली असती. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. अर्धा! लेखणीनं टिंब द्यावं तेवढा. डबी हातातून पडली आणि छर्‍यांचे घेर चेपले की ती डबी सरावाला सुद्धा नको वाटते. आमच्याकडे अशी एक डबी आता दरवाजा अडवायला आहे.

आता पॉइंट टू टू. स्पर्धेच्या गोळ्या मुद्दाम हळू असतात, आवाजाच्या वेगापेक्षा थोड्या कमी. आवाजाच्या पुढे सुटलेली गोळी वाटेत मंदावून आवाजाच्या वेगाखाली येते तेव्हा ती डळमळते, आणि ते डळमळणं लक्ष्यावर दिसतं. म्हणून आधीपासूनच खाली राहायचं. त्याची किंमत म्हणजे पन्नास मीटरला जाईपर्यंत ती दहा-बारा सेंटीमीटर खाली येते. रायफलचा नेम तेवढा आधीच वर बांधलेला असतो.

शिवाय प्रत्येक रायफलीला कुठल्या बॅचची गोळी आवडते ते वेगळंच. तीच कंपनी, तोच डबा, नुसता बॅचचा आकडा बदलला की झुबका पसरतो. मुलं रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या बॅच झाडून बघतात. हे सगळं त्या १४० ज्यूलच्या 'खेळण्या'साठी. ह्याच खेळण्यानं आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. स्वप्नील बालेवाडीलाच सराव करायचा. त्या दिवशी आमच्या बाकावर कोणाचाही डबा उघडला नव्हता.

आणि लेकीला सांगा, छर्रे हाताळले की साबणानं हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही. शिसं असतं ते.

पेठेतून_खडकीत | रविवार, दुपारी ३:३०

ताई, तुमचा प्रतिसाद लेकीनं मेव्हण्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, "कागद फाडायला ठीक आहे." आता ती त्यांच्याशी बोलत नाहीये.

आला_डॉक्टर | रविवार, संध्याकाळी ५:५०

मी वैद्यकशास्त्राच्या बाजूनं थोडं बोलतो, कारण वर ज्यूलची स्पर्धा चालली आहे. नोकरीच्या काळात मी गोळीच्या जखमा पाहिल्या आहेत, टेबलावरच्याही आणि त्यानंतरच्याही. ज्यूल विचारून कुठलीच जखम ओळखता आली नाही. गोळी कुठून गेली, आत किती ऊर्जा सोडून गेली, की तशीच पार निघून गेली, हे बघावं लागतं. वेगवान गोळी वाटेतल्या ऊतींना क्षणभर बाजूला ढकलते. फुप्फुस लवचीक, ते बरंच सोसतं. यकृताला ते जमत नाही. तीच गोळी, तेच ज्यूल.

प्रयोगशाळेत म्हणूनच जिलेटिनचा ठोकळा वापरतात, दहा टक्क्यांचा, थंड करून ठेवलेला. त्यात गोळीची वाट दिसते. पण ठोकळ्याला हाडं नसतात. बाकी तपशील या धाग्यावर नको, जेवणाची वेळ होत आली आहे.

बखरनवीस | रविवार, रात्री ८:२०

उशिरा येतोय, पण या धाग्यावर इतिहास नसणं म्हणजे मिसळीवर तर्री नसणं.

डॉक्टरसाहेब म्हणतात ती गोष्ट इंग्रजांना १८९० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर कळली. थ्री नॉट थ्रीची तेव्हाची गोळी गोल नाकाची आणि पूर्ण धातूच्या कवचातली. ती आरपार जायची आणि समोरचा पळतच यायचा, अशी त्यांची तक्रार. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात नाकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. लागली की ती गोळी कमळासारखी फुलायची. 'डमडम गोळी' हा शब्द जगभर गेला तो आपल्या एका स्टेशनाच्या नावावरून. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली.

पुढचा भाग जास्त रंजक आहे. १९१० ला इंग्रजांनी मार्क सात नावाची नवी गोळी आणली. टोकदार, वेगवान, पूर्ण कवचातली, म्हणजे नियमात अगदी चोख. पण शेंड्यात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम, कधी लाकडाचा लगदा. त्यामुळे वजन सगळं शेपटीला. हवेत ती फिरत असते म्हणून सरळ जाते, दाट काही लागलं की शेपूट पुढे यायला बघतं आणि ती कोलांटी घेते. कायद्याचं अक्षर पाळून हेतू कसा साधावा याचा तो नमुना. पुण्यात अशा माणसाला 'हुशार' म्हणतात.

अवांतर: गोळीचा वेग पहिल्यांदा नीट मोजणारा बेंजामिन रॉबिन्स. जड लोलक टांगायचा, त्यात गोळी मारायची, लोलक किती झुलला त्यावरून वेग काढायचा. हे त्यानं १७४२ ला छापलं. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

आणि खडकीचाच विषय आहे तर, ५ नोव्हेंबर १८१७ ला तिथे जी लढाई झाली ती ठासणीच्या बंदुकांची. कंपनीच्या बंदुकीची गोळी साधारण ३२ ग्रॅमची, म्हणजे तोळामासांच्या हिशेबात पावणेतीन तोळे. मेव्हण्यांच्या नियमानं ती सगळ्यांत ताकदवान. नळीत आटे नव्हते, त्यामुळे शंभर पावलांपलीकडे ती कुठे जाईल ते तिलाच माहीत.

वाचनमात्र | रविवार, रात्री ८:३१

आटे म्हणजे? नळीत?

न्यूटनचा_भाचा | रविवार, रात्री ८:५०

हो, नळीच्या आतून मळसूत्री घळी कापलेल्या असतात. गोळी त्यात आवळून जाते आणि फिरत बाहेर पडते. थ्री नॉट थ्रीच्या ली एनफिल्डमध्ये दहा इंचांत एक फेरा. वेग ७४४ मीटर. म्हणजे नळीतून निघताना सेकंदाला जवळपास २९०० गिरक्या. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तसंच. लांब गोळीला जास्त फिरवावं लागतं, आखूड गोळीला कमी चालतं.

मुळशीकर | रविवार, रात्री ९:४०

सगळे रायफलीत अडकलेत. आमच्या घरात बारा बोअर होती, आज्याच्या लायसनवर. बारा हा आकडा कुठून आला माहितीय का? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअर बारापेक्षा लहान. आकडा वाढला की नळी बारीक, उलटा कारभार.

काडतुसं खडकीचीच असायची. जुनी कागदी होती तेव्हा आमच्याकडच्या पावसात ती फुगायची. श्रावणात नळीत घालायला जावं तर अर्ध्यात अडकायचं. आजी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. एकदा पाहुणे आले असताना चुलतीनं मापटं घातलं आणि तांदळाबरोबर दोन काडतुसं सुपात. पाहुणे जेवले नाहीत.

रानडुकरं भातात शिरली की आज्या माळ्यावरून आकाशाकडे बार काढायचा, आवाजासाठी. मारायची नाहीत, १९७२ च्या कायद्यानंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय तेही नाही. दर इलेक्शनला बंदूक पोलीस ठाण्यात जमा, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. शेवटी वडिलांनी कंटाळून लायसन सोडलं.

निवृत्त_नायक | रविवार, रात्री ९:५५

मुळशीकर, तुमच्या आज्याचा काळ वेगळा. पण आता हौसेखातर वर बार काढणाऱ्यांसाठी सांगतो. वर गेलेली गोळी खाली येते, आणि येताना कोणाच्या तरी गच्चीवर येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीतल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिरकस_आळी | रविवार, रात्री १०:०२

डीजेसाठी पण अशी काही दुरुस्ती बघा ना.

घारे_डोळे | सोमवार, सकाळी ९:१५

मूळ प्रश्नाकडे येऊ का? पुंगळी थ्री नॉट थ्रीची आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. .३१५ इंची काडतुसाची पण असू शकते. थ्री नॉट थ्री हा बंदी असलेला बोअर, साध्या लायसनवर मिळत नाही, म्हणून सामान्य माणसाकडे .३१५ असते. दोन्ही पुंगळ्यांना बुडाशी बाहेर आलेली कड असते, दोन्हींची मान बारीक, लांबून सारख्याच दिसतात. व्हर्नियर लावा. .३१५ ची लांबी ५० मिलिमीटरच्या आसपास, थ्री नॉट थ्रीची ५६.

आणि घर बदलताना ती विमानाच्या बॅगेत टाकू नका. माझ्या चुलत भावानं चावीच्या जुडग्यात रिकामी पुंगळी अडकवली होती. चार तास, तीन जबाब आणि विमान गेलं.

पेठेतून_खडकीत | सोमवार, रात्री ८:४५

व्हर्नियर शेजारच्या वर्कशॉपवाल्याकडून आणला. लांबी ५६.३. बुडाची कड १३.६. मानेचं तोंड आतून ७.९ च्या आसपास भरतंय, थोडं चेपलंय. पण मग हे .३०३ कसं? .३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर ना?

खडकीवाला | सोमवार, रात्री ९:१०

थ्री नॉट थ्रीच. .३०३ हे नळीचं माप, आट्यांच्या उंचवट्यांमधलं. गोळी त्याहून जाड, ७.९ ची, म्हणून तर ती आट्यांत आवळून फिरते.

आता अक्षरांचं. पातळ कागद बुडावर ठेवा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. डोळ्याला दिसत नाही ते कागदाला दिसतं.

आमच्या आधीची मंडळी सांगायची, त्या काळी यात दाण्यांची दारू नसायची, कॉर्डाइट असायचं. शेवयांसारख्या लांब काड्या, जुडी करून घालायच्या. बारीक मानेतून जुडी जात नाही, म्हणून आधी काड्या भरायच्या आणि मग पुंगळीची मान आवळायची. भरलेल्या काडतुसाची मान आवळायला माणूस थंड डोक्याचा लागायचा. तुमचे आजोबा कुठल्या खात्यात होते?

पेठेतून_खडकीत | सोमवार, रात्री १०:३०

काका, पेन्सिलीची युक्ती चालली! कागदावर आलं: के, बाण, एफ, मग ४३, आणि खाली रोमन सात.

खातं मला माहीत नाही. उद्या आत्याला विचारतो.

बखरनवीस | सोमवार, रात्री १०:३८

१९४३, मार्क सात. मी वर लिहिलेली लगद्याच्या शेंड्याची तीच.

खडकीवाला | मंगळवार, सकाळी ६:४०

एकच गोष्ट कळत नाही. फॅक्टरीतून सुटताना गेटवर झडती असायची, डबा उघडून दाखवावा लागायचा. चहाचा चमचा चुकून खिशात राहिला तरी परत जायचं. उडालेली पुंगळी म्हणजे मोजून ठेवलेलं पितळ, वितळवायला परत जाणारं. ती तुमच्या देवघरात आली कशी?

तिरकस_आळी | मंगळवार, सकाळी ९:००

काका निवृत्त झाले, झडती सुरूच आहे.

पेठेतून_खडकीत | मंगळवार, रात्री ९:१५

आत्याशी बोललो. आजोबा ओढकामाच्या खात्यात होते, काकांनी वर लिहिलं तेच, वाटीची पुंगळी करायचं. १९४३ च्या पावसाळ्यात लागले, वय एकोणीस.

पुंगळी त्यांनी फॅक्टरीतून आणलीच नव्हती. निवृत्त झाल्यानंतरच्या रविवारी ते सायकलवर जुन्या बाजारात गेले. तिथे एका भंगारवाल्यापुढे पितळी पुंगळ्यांचा ढीग होता. आत्या बरोबर होती. ती म्हणते, दोन तास उन्हात उकिडवं बसून एकेक बूड डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते, आणि मी बोरं खाऊन संपवली तरी उठेनात. शेवटी ४३ ची सापडली. भंगारवाल्यानं एक रुपया सांगितला. आजोबांनी घासाघीस करून आठ आण्याला घेतली.

मेव्हणे हे ऐकत होते. बराच वेळ ते पुंगळी हातात घेऊन फिरवत बसले. मग म्हणाले, ऊर्जा थ्री नॉट थ्रीची जास्त हे तुमच्याच लोकांनी लिहिलंय, म्हणजे पैज मीच जिंकलो.

डबेवाली_आई | मंगळवार, रात्री ९:२२

अजिबात नाही. नऊ एमएमचं वाचून दाखवा त्यांना.

न्यूटनचा_भाचा | मंगळवार, रात्री ९:२५

आणि त्यांचा नियम 'मोठी ती ताकदवान' असा होता. तो मोडला. बिल त्यांचं.

खडकीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

बिलाचं तुम्ही बघा. पुंगळीची मान चेपलीय म्हणालात ना, ती सरळ करायला कोणाला देऊ नका. ऐंशी वर्षांचं पितळ आहे, तडकेल. उदबत्ती अजून बसते ना, मग झालं.